तळ धाकट्याचा, दिवा दादाचा

धाकट्यांनी सकाळीच बाह्या सरसावल्या आणि जाहीर केलं, की दुपारच्या चहापर्यंत फिशटँकचा तळ बदलून होईल आणि घरात कुणाला पत्ताही लागणार नाही.

"यात आहे काय?" ते बायकोला म्हणाले. "जुनी वाळू काढायची, नवी माती घालायची, वर पाणी. मासे जागचे हलणारसुद्धा नाहीत."

"मासे हलले नाहीत तर त्यांच्या खालची वाळू काढणार कशी?" बायकोने विचारलं.

धाकट्यांनी बादली उचलली. माती तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात गेली होती. लोक लांबलांबून पिशवीत माती घेऊन यायचे, धाकटे ती चिमटीत चुरडायचे, वास घ्यायचे आणि हिच्यात काय कमी आहे ते सांगायचे. मातीत काही कमी नाही, असं त्यांनी आजवर एकालाही सांगितलेलं नव्हतं. अशा माणसाला मातीबद्दल घरातून प्रश्न यावेत हे त्यांना मुळातच पटत नसे.

पण हा फिशटँक साधासुधा नव्हता, तेवढं आधी सांगायला हवं.

तो धाकट्यांच्या वडिलांचा. मोठं कपाट आडवं झोपवावं एवढा. वडिलांनी हौसेने हॉलच्या मधोमध पक्का ओटा बांधून त्यावर तो बसवला होता. पुढे वडील गेले, भावाभावांत बिनसलं आणि घराचे दोन भाग करायचं ठरलं. भांडण कशावरून झालं हे आता दोघांनाही नीट आठवत नाही. चूक कोणाची होती हे मात्र दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. मधे भिंत घालायला गवंडी आला, तेव्हा भिंतीची रेघ नेमकी टँकवरून गेली. टँक हलवला तर फुटणार. भिंत वाकवायची तर कुणाच्या हॉलमध्ये वाकवायची, यावर पुन्हा बोलाचाली. शेवटी गवंडी वैतागला. त्याने टँक होता तिथेच ठेवला, दोन्ही बाजूंनी भिंत चढवली आणि वरून हात घालायला दोन्हीकडे एकेक लाकडी झडप करून दिली. तेव्हापासून टँकची एक काच दादांच्या हॉलमध्ये आणि एक काच धाकट्यांच्या हॉलमध्ये.

वाटणी करायला मामा आले होते. मामांनी टँककडे बराच वेळ पाहिलं.

"हा उभा कापता येत नाही," मामा म्हणाले, "तेव्हा आडवा वाटू. वरचं सगळं मोठ्याचं. झाकण, दिवा, पंप, खाणं घालणं. खालचं सगळं धाकट्याचं. वाळू, झाडं आणि मळ."

"आणि पाणी?" दादांनी विचारलं.

"पाणी मधे आहे. ते दोघांचं."

"मासे?"

मामांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "मासे पाण्यातच राहतात ना?" ते म्हणाले आणि गाडीला उशीर होईल म्हणून उठले.

त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी कामापुरतंच बोलायचे, आणि काम असं कधी निघायचं नाही. निघालंच तर निरोप गच्चीवरून जायचा. गच्ची आणि कपडे वाळत घालायची दोरी एकच होती. दोघी जावा तिथे भेटायच्या आणि आपापल्या नवऱ्याचे निरोप एकमेकींच्या पदरात टाकायच्या. त्या दोघींचं काही भांडण नव्हतं. त्यांना कुणी भांडायला सांगितलंही नव्हतं.

आता टँकमधला मॅनेजर. नारिंगी अंगावर काळे पट्टे, तोंडाशी मिशा, वीतभर लांब आणि चांगला आडवा वाढलेला असा हा मासा वडिलांनी बोटाएवढा असताना आणला होता. तळाशी मातीच्या पाइपाचा एक तुकडा होता, त्यात तो दिवसभर पडून असायचा आणि खाण्याच्या वेळेलाच बाहेर यायचा. वडिलांच्या ऑफिसचे मॅनेजरही तसेच होते, म्हणून हे नाव. खाणं मनासारखं झालं की तो पाण्यातून 'टक्' असा आवाज काढायचा. वडील म्हणायचे, "झाली मॅनेजरची सही." आणि मगच स्वतः जेवायला सुरुवात करायचे. वडिलांच्या बाकीच्या वस्तू भिंतीच्या अलीकडे किंवा पलीकडे गेल्या होत्या. मॅनेजर तेवढा दोघांचा राहिला होता.

तळ बदलायची वेळ आली ती गच्चीवरच्या एका वाक्यामुळे. टँकमधली झाडं कधीची पिवळी पडत होती. वहिनी सहज म्हणाल्या, "हे म्हणत होते, खालच्या मजल्याकडे कुणी बघतं की नाही." बायकोने ते वाक्य जसंच्या तसं खाली आणून धाकट्यांच्या पुढ्यात ठेवलं. धाकट्यांनी घास हातातच धरला.

पुढचे काही आठवडे ते प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात माती कालवत होते. तळ्याकाठची काळी माती, कुजलेल्या पानांचं खत, विटांचा चुरा आणि त्यांच्या खात्यातली काही गुपितं. "हिच्यात छत्री रोवली तरी पालवी फुटेल," त्यांनी पोतं घरी आणताना बायकोला सांगितलं.

"छत्री नाही हो, मासे राहणार आहेत तिथे," बायको म्हणाली.

तर तो दिवस उजाडला. नळीने पाणी काढायला सुरुवात झाली आणि घरातली एकेक वस्तू कामाला लागली. बादल्या भरल्या, पातेली भरली, प्रेशर कुकरमध्ये छोट्या माशांची एक टोळी गेली. मॅनेजरला धाकट्यांनी पाइपासकट उचललं, दोन्ही तोंडांवर तळवे ठेवून, आणि निळ्या टबात सोडलं. मॅनेजर पाइपातून बाहेर आला, टबाच्या तळाशी गेला आणि कुशीवर आडवा झाला.

"अहो," बायको म्हणाली, "हा गेला."

"झोपलाय."

"असा?"

"तो असाच झोपतो. लहानपणापासून."

हे खरंच होतं. मॅनेजर मेल्यासारखा झोपायचा. पण तोवर टँक रिकामा झाला होता. पाणी नाही, झाडं नाहीत. पलीकडे दादा पेपर वाचत बसले होते आणि दोघा भावांच्या मधे दोन स्वच्छ काचा सोडून काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं पानांच्या आडून एकमेकांचे पायजमे तेवढे दिसायचे. आज तोंडं दिसली. दादांनी चष्मा वर केला. धाकट्यांच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांकडे पाहिलं, मग टबात आडव्या पडलेल्या मॅनेजरकडे पाहिलं, आणि पेपर घडी करून आत गेले.

थोड्याच वेळात वरून वहिनींची हाक आली. बायको गच्चीवर गेली आणि उतरून आली.

"विचारताहेत, मॅनेजर गेला का."

"सांग, झोपलाय."

बायको वर गेली, खाली आली. "म्हणाले, बाळ्याला मेलेलं सगळं झोपलेलंच वाटतं. लहानपणी कासव मेलं तेव्हाही आठवडाभर त्याच्यासमोर पाला ठेवत होता."

धाकट्यांचं वय पन्नाशीला टेकलं होतं. बाळ्या हे नाव त्यांना भिंत झाल्यापासून कुणी वापरलं नव्हतं. राग कासवाचा आला की नावाचा, हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन्हींचा धरला.

"सांग त्याला," ते म्हणाले, "तळ माझा आहे. तळाशी झोपलेल्याचं मी बघेन."

आणि त्याच तिरीमिरीत त्यांनी माती पसरली, झाडं रोवली आणि पाण्याची पहिली बादली वरून सरळ ओतली.

मातीवर ताट ठेवून, त्यावर धार धरून, हळूहळू पाणी सोडायचं असतं, हे धाकट्यांना माहीत होतं. लोकांना ते हे शिकवत असत. पण डोक्यात कासव होतं. बादली धबाल्कन कोसळली, सगळी गुपितं तळातून उठली आणि पाण्यात पसरली. दुसऱ्या बादलीने उरलीसुरली उठली. दुपारच्या चहापर्यंत काम होईल असं धाकटे म्हणाले होते, आणि खरोखरच चहाच्या वेळेला टँकमध्ये चहा तयार होता. त्यात त्यांनी मासे आणि मॅनेजर परत सोडले. ते सगळे क्षणात दिसेनासे झाले.

"बसेल गाळ," धाकटे म्हणाले. "दोन दिवसांत आरसा होतो की नाही बघ."

दोन दिवसांनी चहात दूध थोडं कमी झाल्यासारखं वाटलं, एवढंच.

आता पलीकडे दादा. दादा रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यातून निवृत्त झाले होते. त्या खात्यात एकच शिकवण होती. दिसत नाही अशी तक्रार आली, की दिवा वाढवायचा. रस्त्यात खड्डा असला तरी दिवा वाढवायचा, म्हणजे निदान खड्डा दिसतो. दादांनी आपल्या बाजूने टँककडे पाहिलं. आतलं काही दिसत नव्हतं. वरचा भाग त्यांचा. दिवा त्यांचा. म्हणजे तक्रार त्यांच्या खात्याची होती, आणि नोकरीत त्यांनी एकही तक्रार शिल्लक ठेवली नव्हती.

"आमचे हे माळ्यावर चढलेत," वहिनींनी गच्चीवर बातमी दिली. "गुडघा दाखवा डॉक्टरला, म्हणून मी वर्षभर कानीकपाळी ओरडतेय. तिथे जायला पाय उचलत नाही. माळ्यावर बरा उचलला."

निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी दादांना आठवण म्हणून एक दिवा दिला होता. तो चौकातल्या खांबावर लावायचा दिवा होता. नवा, पांढऱ्याशुभ्र उजेडाचा, लहान बाळाच्या पाळण्याएवढा. दादांनी टँकवरची जुनी पिवळी ट्यूब काढली, हा दिवा तिथे टांगला आणि संध्याकाळी बटण दाबलं.

धाकटे तेव्हा सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांना वाटलं, कुणीतरी घराचं छप्पर काढलं.

त्या उजेडाबद्दल काय सांगावं. धाकट्यांच्या हॉलमधल्या खुर्च्यांना आपल्याला सावली असते हे त्या दिवशी कळलं. बायको स्वयंपाकघरातला दिवा न लावता तांदूळ निवडू लागली. मासे पोलिसांची गाडी आल्यासारखे कोपऱ्यात दाटीवाटीने उभे राहिले. रस्त्यावरची दोन कुत्री खिडकीखाली मुक्कामाला आली. तिसऱ्या संध्याकाळी एक अनोळखी गृहस्थ दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी अदबीने विचारलं, "बस इथेच थांबते ना?"

"त्याला सांग, दिवा कमी कर," धाकट्यांनी निरोप धाडला.

"म्हणाले, दिवा वरचा आहे," बायकोने उत्तर आणलं. "आणि म्हणाले, आधी आत काहीतरी दिसू दे, मग कमी करतो."

आणि मग आत दिसू लागलं. गाळ हळूहळू बसला, आणि पाहतात तो झाडं अंगात आल्यासारखी वाढत होती. पिवळी पानं गळून हिरवीगार आली. गवतासारखं एक झाड तळभर पसरलं. लांब पात्यांचं झाड पार वरपर्यंत जाऊन झाकणाला टेकलं आणि वळून परत खाली यायला लागलं. मॅनेजर पाइपातून अर्धा बाहेर येऊन पाहायचा आणि पुन्हा आत जायचा.

"माती," धाकटे छाती काढून म्हणाले. "सांग त्यांना, याला माती म्हणतात."

"म्हणाले, याला उजेड म्हणतात," बायको गच्चीवरून उतरत म्हणाली.

खरं तर दोघांचंही बरोबर होतं. माती चांगलीच होती आणि दिवाही चांगलाच होता. एवढी चांगली माती आणि एवढा चांगला दिवा एका टँकमध्ये एकाच वेळी घालायचा नसतो, हे कुणीतरी कुणाला तरी विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायला गच्चीवरून जावं लागत होतं.

एका सकाळी पाण्यावर हिरवी झाक आली. दुसऱ्या सकाळी ते सरबत झालं. मग पुढे असं झालं, की टँकमध्ये पाणी नसून कुणीतरी काचेला आतून हिरवा ऑइलपेंट दिलाय असं वाटावं. झाडं गेली, माती गेली, दादांचा हॉल गेला. दिवा लावला की सगळी भिंत हिरवी उजळायची आणि धाकट्यांच्या घरातली माणसं आजारी दिसायची. छोटे मासे वरच्या कडेला येऊन तोंडं दाखवून जायचे, एवढाच काय तो आतल्या जगाचा पुरावा.

निरोपांना ऊत आला. धाकट्यांनी कळवलं, की इतका उजेड लावला तर दगडालाही शेवाळ येईल. दादांनी कळवलं, की इतकं खत घातलं तर शेवाळाला माणूस येईल. दोघी जावा दिवसातून चारचारदा गच्चीवर जाऊ लागल्या. कपडेही हल्ली फार वेळ वाळत होते. बायको जाताना काकडीचा एखादा तुकडा मुठीत घेऊन जायची. धाकट्यांच्या ते लक्षात आलं होतं, पण एवढ्या गदारोळात काकडीची चौकशी कोण करतो?

शेवटी मामांना फोन लावला.

"पाणी हिरवं झालंय," धाकटे म्हणाले. "दादाच्या दिव्यामुळे."

"मोठ्याचाही फोन आला होता आत्ताच. तो म्हणतो, तुझ्या मातीमुळे." मामा म्हणाले. "हिरवं काय झालंय? वर की खाली?"

"सगळं पाणी."

"पाणी दोघांचं," मामा म्हणाले. "हिरवं अर्धं अर्धं घ्या." आणि त्यांनी फोन ठेवला.

पण धाकट्यांना खरी काळजी हिरव्या रंगाची नव्हती. ती बोलायची त्यांना सोय नव्हती. पाणी हिरवं झाल्यापासून मॅनेजर दिसला नव्हता. छोटे मासे वर येत होते. मॅनेजर तळाचा, तो वर कशाला येईल? ताज्या खताच्या मातीतून पाण्यात काय काय उतरतं, हे दुसऱ्या कुणाला नसलं तरी धाकट्यांना नेमकं ठाऊक होतं. ऑफिसात लोक मातीची पिशवी पुढे करायचे आणि धाकट्यांना त्या पिशवीत कुशीवर पडलेला मॅनेजर दिसायचा. या वेळी तो झोपलेला नसायचा. विचारावं तरी कुणाला? 'मॅनेजर दिसला का' असा निरोप पाठवायचा, म्हणजे वडिलांचा मासा आपण मारला, अशी कबुली देण्यासारखंच. पुन्हा कासव निघणार. तेव्हा धाकट्यांनी तोंड मिटून घेतलं आणि जेवण अर्ध्यावर आणलं.

सुटीच्या दिवशी दुपारी घर शांत होतं. बायको गच्चीवर गेली होती. पलीकडे दादा जेवून झोपलेले असणार. धाकट्यांनी आवाज न करता आपली झडप उघडली, स्टुलावर चढले, बाही खांद्यापर्यंत गुंडाळली आणि हात त्या हिरव्या पाण्यात घातला.

काही दिसत नव्हतं. हाताने झाडं चाचपडली, मऊ माती लागली. पाइप डाव्या कोपऱ्यात असायला हवा होता. नव्हता. त्यांनी हात मधोमध सरकवला, आणि तिथे काहीतरी लागलं. जाड. गार. वरून बुळबुळीत. आणि हलणारं.

धाकट्यांनी ते गच्च पकडलं. त्या वस्तूनेही त्यांना गच्च पकडलं.

एवढा जाड कसा झाला हा, असा विचार धाकट्यांच्या मनात आला खरा, पण त्यांच्याच मातीवर वाढलेला होता, काय सांगावं. त्यांनी ओढलं. पलीकडूनही ओढ बसली. धाकट्यांचा खांदा झडपेवर आपटला. त्यांनी दुसरा हातही पाण्यात घातला आणि चाचपलं, तर मॅनेजरच्या अंगावर घड्याळाचा पट्टा लागला.

"सोड," झडपेपलीकडून आवाज आला.

धाकटे स्टुलावर तसेच थिजले. "दादा?"

"मग कोण असणार? सोड, मनगट पिरगळलंस."

धाकट्यांनी सोडलं. पलीकडे दादांनी सोडलं. दोन हिरवे हात दोन झडपांतून बाहेर निघाले आणि आपापल्या मालकांच्या कपड्यांना पुसले गेले. भिंत झाल्यानंतरचं दोघा भावांचं हे पहिलं सरळ बोलणं.

"काय शोधत होतास?" दादांनी झडपेतून विचारलं.

"काही नाही. झाडं नीट करत होतो. तू?"

"दिव्याचा एक स्क्रू पडला."

धाकट्यांनी दुसरी बाही पिळली. मग दादा म्हणाले, "पाइप सापडत नाहीये, बाळ्या."

धाकट्यांनी झडपेच्या चौकटीवर कपाळ टेकलं. "दादा, मी पाणी वरून सरळ ओतलं," ते म्हणाले. "ताट न ठेवता. आणि खतही फार झालं. मला माहीत होतं."

"दिवा चौकातला आहे," दादा म्हणाले. "मोठ्या चौकातला. मला काय माहीत नव्हतं?"

मग दादांना काहीतरी सुचलं. "पंप बंद करतो. खाणं टाकतो तळाशी. असला तर सही करेल."

त्यांनी पंप बंद केला, मॅनेजरच्या आवडीचं खाणं मुठीत घेऊन खोल सोडलं, आणि दोघंही आपापल्या बाजूला वाकून काचेला कान लावून बसले. एका हॉलमध्ये एक भाऊ, दुसऱ्यात दुसरा, मधे ते हिरवं पाणी. घरात एवढी शांतता होती, की धाकट्यांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. काहीच आवाज नाही. दादांनी ऐकू यावं म्हणून तळाच्या काचेपर्यंत खाली बसकण मारली.

टक्.

"ऐकलंस?" धाकटे म्हणाले.

"ऐकलं," दादा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "सही झाली."

धाकट्यांचे डोळे भरून आले. ते लपवायलाही कुणी समोर नव्हतं. समोर नुसतं हिरवं होतं. वडील जेवणाच्या ताटावर बसून या आवाजाची वाट पाहायचे, दोघं पोरं भुकेने कळवळत बसलेली असायची, आणि तो आवाज आला की आई वाढायला घ्यायची, हे सगळं त्यांना एकदम आठवलं. पलीकडे दादाही नाक ओढत होते.

"बाळ्या," दादा म्हणाले, "इकडे ये. चहा टाकतो."

धाकटे उठले, पायात चपला घातल्या, आपल्या दारातून बाहेर पडले आणि दादांच्या दारातून आत गेले. चार पावलांची वाट, पण इतकी वर्षं ती गच्चीवरून वळसा घालून जात होती. दादा अजून टँकपाशी जमिनीवरच बसले होते. धाकटे त्यांच्याशेजारी जाऊन बसले. पाणी कसं बदलायचं, दिवा किती वर टांगायचा, मातीवर वाळूचा थर किती हवा, असं दोघं बोलत राहिले आणि चहा राहून गेला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वहिनी आणि बायको दोन्ही बाजूंनी धरून निळा टब खाली आणत होत्या. दोघा भावांना एका जमिनीवर बसलेलं पाहून त्या दारातच थांबल्या.

"हे काय?" धाकट्यांनी विचारलं.

"गच्चीवरच्या टाकीखाली सावली असते," बायको म्हणाली. "पण आज तिथेही ऊन यायला लागलं, म्हणून खाली आणलं."

टब जमिनीवर ठेवला गेला. आत स्वच्छ पाणी होतं, काकडीची एक चकती होती, मातीचा पाइप होता आणि पाइपाशेजारी मॅनेजर कुशीवर आडवा झाला होता.

"पाणी हिरवं व्हायला लागलं त्याच दिवशी काढला याला," वहिनी म्हणाल्या. "मी वरून हात घातला, हिने काचेतून पाइप कुठे आहे ते सांगितलं."

"मग आम्हाला बोलला का नाहीत?" दादा म्हणाले.

"तुमचे निरोप आम्ही शब्दाला शब्द पोचवले, भाऊजींचेही पोचवले," वहिनी म्हणाल्या. "शेवाळाचा आला, खताचा आला, कासवाचा तर दोनदा आला. मॅनेजर कुठे आहे, असा निरोप तुम्हा दोघांपैकी एकाने तरी दिला का? विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

धाकटे टबात पाहत होते, आणि हळूहळू त्यांच्या डोक्यात एक प्रश्न वर येत होता.

"वहिनी," ते म्हणाले, "हा मघाशी टँकमध्ये नव्हता?"

"आठवडाभर नाहीये."

"पण आत्ता आम्ही दोघांनी त्याची सही ऐकली."

"मी स्वतः ऐकली ना," दादा म्हणाले आणि मॅनेजरला जवळून पाहायला उठले.

टक्.

सगळ्यांनी टबात पाहिलं. मॅनेजरने मिशीसुद्धा हलवलेली नव्हती. दादा सावकाश परत खाली बसले.

टक्.

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. बायको टबाकडे पाहत उभी राहिली. तिला बहुतेक खोकला येत होता. ज्या गुडघ्याला डॉक्टरकडे न्यायला वर्षभर वेळ मिळाला नव्हता, त्याच्यासाठी दोन कर्ते पुरुष मघाशी काचेला कान लावून डोळे पुसत बसले होते.

पुढचं सगळं रीतीने झालं. दोघांनी मिळून पाणी थोडं थोडं बदललं, मातीवर ताट ठेवून धार धरली, वर वाळूचा थर दिला. चौकातला दिवा माळ्यावर गेला आणि बेताचा दिवा आला. पाणी निवळलं तेव्हा मॅनेजर पाइपासकट घरी परतला. बसची चौकशी करणारे गृहस्थ पुन्हा आले नाहीत. कुत्री मात्र हटली नाहीत, त्यांना जागा आवडली होती.

एवढं झाल्यावर मामांना कळवणं भागच होतं. धाकट्यांनी सगळी हकिगत सांगितली. गुडघ्यापाशी आले तेव्हा त्यांनी आवाज थोडा खाली आणला. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"गुडघा म्हणजे कुठे आला?" मामांनी विचारलं. "वर की खाली?"

धाकट्यांनी विचार केला. "मधे," ते म्हणाले.

"मधलं दोघांचं," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून दर महिन्याला दादांना डॉक्टरकडे धाकटेच घेऊन जातात. अर्धा गुडघा आपल्या नावावर आहे, तो आपणच बघायला हवा, असं ते बायकोला सांगतात. आणि तो पहिला आवाज मॅनेजरचाच होता, असंही सांगतात.